एक घर चालणाऱ्या प्याद्याची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोल्हापूरच्या माणसाला डावाची सुरुवात म्हणजे काय, हे फार समजावून सांगावे लागत नाही. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात जोड लागली की आधी सलामी होते आणि मग खडाखडी सुरू होते. हाताला हात भिडतात, मानेवर पंजा पडतो, एखादा मल्ल एक पाऊल मागे सरकतो. नवख्याला वाटते, अजून कुस्ती सुरूच झालेली नाही. जाणकार मात्र तेवढ्यात ओळखतो, की कोण अंगावर येणार आहे आणि कोण दम धरून समोरच्याला थकवणार आहे.

बुद्धिबळाच्या पहिल्या दहा-बारा चाली म्हणजे अशीच खडाखडी. तिला इंग्रजीत ओपनिंग म्हणतात, मराठीत आपण प्रारंभ म्हणू. काळी मोहरी घेणाऱ्याने ती पद्धत निवडली असेल, तर तिला बचाव म्हणतात. या पद्धतींना नावे असतात आणि त्यांत देशांची नावे पुष्कळ आहेत: इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, सिसिलियन, डच. त्याच यादीत 'इंडियन' हे नाव एकदा नव्हे, अनेकदा येते. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन अशी ती सारी भावकीच आहे.

सुटीच्या दिवशी मी शाळकरी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. ही नावे मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात. पण याला 'इंडियन' का म्हणायचे, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. मग एखादा म्हणतो, ''सर, बुद्धिबळाचा शोध भारतात लागला म्हणून.'' दुसरा म्हणतो, ''विश्वनाथन आनंद खेळायचा म्हणून.'' हे नाव १८८४ सालापासून छापलेले सापडते आणि आनंदचा जन्म १९६९चा. पहिले उत्तरही पुरेसे नाही. खरे कारण अगदी साधे आहे. ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात होते आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत.

आजोबांचा पट

आज जगभर जे बुद्धिबळ खेळतात, त्यात प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात ते एकच घर जाई. राजाला हत्तीच्या आड नेऊन बसवण्याची किल्लेकोटाची चाल तेव्हा नव्हती. त्याऐवजी, शह बसलेला नसेल तर राजाला आयुष्यात एकदाच घोड्याची उडी मारता येई. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते हवे ते मोहरे होत नसे. ज्या उभ्या पट्टीत ते पोचले, त्या पट्टीचे मोहरे होई. समोरच्याचा नुसता राजाच उरला तर डाव बुर्जी व्हायचा, म्हणजे पुरी जीत मिळत नसे. आणि प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही हरणाऱ्याच्या जिव्हारी लागायची. तपशिलात गावोगाव फरक असत; परंतु प्याद्याची चाल एकच घर, हा नियम फार दूरवर सारखा होता.

आता या एका नियमाने काय होते ते पाहा. दोन घरांची मुभा असली की दुसऱ्या-तिसऱ्या चालीलाच दोन्ही फौजा पटाच्या मध्यावर एकमेकींना भिडतात. एकेक घर चालायचे असले की त्या भिडायला वेळ लागतो. प्रत्येकाला आपल्या घरात मोहरी नीट लावून घ्यायला सवड मिळते.

पण तिथेच उंटाची अडचण होते. राजापुढचे प्यादे एक घर सरकवले की एका उंटाची वाट मोकळी होते, पण दुसऱ्याची अडते. वजिरापुढचे सरकवले तरी तसेच. दोन्ही सरकवली तर दोन्ही उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडल्यासारखे होतात. मग शहाणा खेळाडू काय करणार? तो घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे घेणार आणि त्या मोकळ्या झालेल्या घरात उंट नेऊन बसवणार. तिथून उंटाला पटाची सर्वांत लांब तिरकी रेघ मिळते. तो घरात सुरक्षित राहतो आणि त्याची नजर थेट समोरच्याच्या हत्तीपर्यंत जाते.

'इंडियन' बचावांचे मूळ ते हेच. ही काही भारतीय माणसाच्या स्वभावाची, सोशिकपणाची किंवा अध्यात्माची खूण नव्हे. प्याद्याला एकच घर चालायची परवानगी होती, त्यातून लागलेली ती सवय होती.

कलकत्ता, मे १८५५

ही सवय युरोपच्या नोंदवहीत कशी गेली, त्याची कथा कलकत्त्यातली आहे. जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर तेथे वकिली करीत असे. लंडनमध्येही त्याचे नाव पहिल्या रांगेतल्या खेळाडूंत घेतले जाई. कलकत्त्यापासून दूर, खेड्यात राहणारा एक ब्राह्मण कोणाकडूनच हरलेला नाही, असे १८४८च्या सुमारास त्याच्या मंडळींच्या कानावर आले. त्या माणसाचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. त्यांना कलकत्त्याला आणले गेले. त्यांनी युरोपीय नियम शिकून घेतले आणि पुढे कॉक्रेनबरोबर पुष्कळ डाव खेळले. कॉक्रेनने ते टिपून ठेवले म्हणून आज आपल्याला पाहता येतात.

नियम बदलले, पण महेशचंद्रांचा हात बदलला नाही. समोरचा गोरा वकील दोन-दोन घरे प्यादी ढकलून मध्य व्यापायचा. महेशचंद्र मात्र घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून उंट मागे बसवायचे आणि मग त्या मध्यावर धडका द्यायचे. मे १८५५ मधल्या एका डावात त्यांनी काळी मोहरी घेऊन अशी मांडणी केली, की आजचा कोणताही खेळाडू ती पाहताच म्हणेल, ''हा तर ग्रुनफेल्ड बचाव!'' व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हा बचाव १९२२ साली खेळला आणि त्याचे नाव त्याला मिळाले. महेशचंद्र तो त्याच्या ६७ वर्षे आधी खेळून बसले होते.

तो डाव ते हरले, हेही सांगितले पाहिजे. पंधराव्या-सोळाव्या चालीपर्यंत त्यांचे ठीक चालले होते. पण अठराव्या चालीला कॉक्रेनचा घोडा राजाजवळ घुसला आणि त्यानंतर त्याला तीन चालींची मात दिसत होती: आधी घोडा हलवून एकाच वेळी घोड्याचा आणि वजिराचा असा दुहेरी शह, मग वजिराचा बळी आणि शेवटी आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला पुन्हा घोड्याची मात. हारीचे कारण त्या सुरुवातीत नव्हते; पुढच्या हाणामारीत एक धोका नजरेतून सुटला होता. पण हरणाऱ्याच्या पद्धतीकडे कोण लक्ष देतो? त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत अशा सुरुवातींना 'अनियमित' या खात्यात टाकले जाई. मध्य प्याद्यांनी व्यापला नाही, तो कसला खेळ, असा तो जमाना होता.

पहिल्या महायुद्धानंतर हे मत पालटले. निम्झोविच, रेटी, ग्रुनफेल्ड या तरुण मंडळींनी सांगायला सुरुवात केली, की मध्य प्याद्यांनी भरून टाकलाच पाहिजे असे नाही. मागे बसवलेल्या उंटाने आणि घोड्यांनी दुरूनही त्यावर ताबा ठेवता येतो. समोरच्याला मध्यावर येऊ द्या, मग त्याची ती मोठी फळीच तुमचे लक्ष्य होते. युरोपात हा नवा विचार ठरला. आपल्याकडच्या ओसरीवर तो जुनाच होता, फक्त कुणी तो सिद्धांत म्हणून लिहून काढला नव्हता.

हेस्टिंग्जचा डाव

आता ज्या डावासाठी मी हे सारे सांगितले, त्याकडे येतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. तिथे नाताळात भरणारी स्पर्धा बुद्धिबळाच्या जगात मानाची. १९३०-३१च्या स्पर्धेत क्युबाचा होजे राऊल कापाब्लांका खेळत होता. १९२१ ते १९२७ अशी सहा वर्षे तो जगज्जेता होता. १९१६ पासून आठ वर्षे तो एकही डाव हरलेला नव्हता. त्याच्यासमोर पांढरी मोहरी घेऊन बसला होता पंजाबच्या सरगोधा भागातला मीर सुलतान खान.

सुलतान खान सर उमर हयात खान या जमीनदाराच्या आश्रयाला होता. देशी खेळात तो लहानपणापासून तयार झालेला. युरोपीय नियम मात्र त्याने १९२६च्या सुमारास शिकले. १९२८ साली तो अखिल भारतीय स्पर्धा जिंकला आणि १९२९ साली इंग्लंडला जाऊन थेट ब्रिटिश विजेता झाला. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही ते विजेतेपद त्याचेच होते.

गंमत अशी, की कापाब्लांकाने त्याच्याविरुद्ध निवडला तो क्वीन्स इंडियन, म्हणजे वजिराचा भारतीय बचाव. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर आणि त्या घरात उंट. क्युबाचा माणूस भारतीय पद्धतीने खेळत होता आणि ती पद्धत ज्याच्या हाडीमाशी खिळलेली, तो समोर बसला होता.

पाचव्या चालीला सुलतान खानने डाव्या टोकाच्या हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवले. पाहणाऱ्याला वाटावे, चाल फुकट घालवली. पण तिच्यामागे विचार आहे. काळा उंट पुढे येऊन पांढऱ्या घोड्याला जखडू शकत होता. घोडा हलला तर राजाला शह, अशी ती कोंडी. प्याद्याच्या त्या एका घराने उंटाची ती जागाच काढून घेतली. पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोस्यानने हीच कल्पना इतकी वापरली, की या प्रकाराला त्याचे नाव मिळाले आणि १९८०च्या दशकात कास्पारोव्हने तिचे धारदार हत्यार केले. ती चाल सुलतान खानने कुठल्या पुस्तकातून घेतली असेल, असे मला वाटत नाही. एकेक घर प्यादे चालवत वाढलेल्या हाताला तिचे मोल कळत असणार, असे मी मानतो.

पुढच्या चाली पाहा. कापाब्लांकाने प्यादे मध्यावर आणले, तिथे प्याद्यांची मारामारी झाली आणि त्याचे दुसरे प्यादे त्याच जागी येऊन बसले. झाले, लांब रेघेवर बसवलेला त्याचा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला. ज्या उंटासाठी हा सारा बचाव खेळायचा, तोच निरुपयोगी. मग पांढऱ्या घोड्याने पुढे जाऊन काळ्याचा दुसरा उंट मारून घेतला आणि त्या मारामारीत काळ्याची दोन प्यादी एकामागे एक अशी अडकली. बाहेरून पाहता काळ्याचे दोन्ही हत्ती मोकळ्या पट्टीत ऐटीत उभे होते. आतून मात्र घर पोखरले होते.

एकविसाव्या चालीला पांढऱ्या उंटाने एका हत्तीवर नेम धरला. कापाब्लांकाने शह देत दोन्ही हत्ती आत घुसवले आणि वजीर मिळवला. त्यासाठी त्याचे दोन्ही हत्ती गेले आणि त्यांतला दुसरा हत्ती तर खुद्द पांढऱ्या राजाने मारला. सुलतान खानने या डावात किल्लेकोट केलाच नव्हता. त्याचा राजा पटाच्या मध्याजवळ उघड्यावर उभा होता आणि तरीही तो घाबरला नाही. ज्या खेळात किल्लेकोट नसतो, त्या खेळात राजाला उघड्यावर राहायची सवय असते. त्यानंतरचा काळ्या वजिराचा हल्ला त्याने एकेक चाल करून विझवला, आपले दोन हत्ती सावकाश कामाला लावले आणि पासष्टाव्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला.

त्या स्पर्धेत हॉलंडचा मॅक्स ऑयवे पहिला, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा आला. कापाब्लांकाने पुढे त्याच्या प्रतिभेबद्दल मोकळ्या मनाने लिहिले.

मराठी मुलखातला दुवा

या कथेत आपलाही एक माणूस आहे. डिसेंबर १९३३ मध्ये सुलतान खान मायदेशी परतला. १९३५ साली त्याने व्ही. के. खाडिलकर या आपल्या मराठी खेळाडूशी दहा डावांचा सामना खेळला. खाडिलकरांना त्यात एक डाव बरोबरीत सोडवता आला, बाकीचे नऊ सुलतान खानने जिंकले. हा आकडा पाहून खाडिलकरांना कमी लेखू नये. कापाब्लांकाला हरवणाऱ्या माणसासमोर दहा वेळा बसणे हेच त्या काळी मोठे धाडस. त्यानंतर सुलतान खान मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला आणि १९६६ साली वारला. जागतिक संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली एलुरू येथे झाली आणि तीत रामचंद्र सप्रे व डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. इथून पुढे आंतरराष्ट्रीय नियम सगळीकडे रुजले. ते आवश्यकच होते. त्यावाचून आपली मुले जगाशी खेळू शकली नसती. आपल्या शेजारच्या सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, ते भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या कामामुळे. सांगलीच्याच भाग्यश्री साठे-ठिपसे राष्ट्रीय विजेत्या झाल्या. खाडिलकर भगिनी वासंती, जयश्री आणि रोहिणी यांनी १९७४ पासून दहा वर्षे महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही. प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने वयाच्या १९व्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली.

हे सारे अभिमानाचे आहे. पण या वाटेत देशी खेळ मात्र ओसरीवरून उठून गेला. तो खेळणारी पिढी थकली आणि तिचे नियम फारसे कुणी लिहून ठेवले नाहीत. जगाने ज्या सवयीला आपल्या देशाचे नाव दिले, ती सवय ज्या खेळातून आली, तो खेळ आपल्याच मुलांना माहीत नाही.

पाठांतर आणि समज

यात नुसते जुन्याचे कौतुक नाही. मला त्यात आजच्या मुलांचा प्रश्न दिसतो. आता संगणक सेकंदात सर्वोत्तम चाल सांगतो. पालक हौसेने शिकवणी लावतात आणि मूल पंधरा-पंधरा चाली पाठ करून स्पर्धेला जाते. मी अनेकदा पाहिले आहे, की मुलाच्या पहिल्या बारा चाली धडाधड पटावर पडतात. तेराव्या चालीला समोरचा काहीतरी वेगळे खेळतो आणि मूल गोंधळून आईकडे पाहू लागते. त्याला चाल माहीत होती, पण ती कशासाठी होती हे कुणी सांगितलेले नव्हते. खडाखडीतले हातवारे पाठ केले आणि समोरच्याचा तोल कुठे आहे ते पाहिलेच नाही, तर मल्ल कितीसा टिकेल?

पाठांतर वाईट नाही. मोठ्या स्पर्धेत त्यावाचून भागत नाही. पण महेशचंद्रांकडे आणि सुलतान खानकडे प्रारंभांचे पाठांतर नव्हते. आपला उंट कुठे बसतो, तिथून काय पाहतो आणि त्याची वाट कोण अडवतो, याची पक्की जाण त्यांच्याकडे होती. हेस्टिंग्जला कापाब्लांकाच्या पाठीशी सारे युरोपीय ज्ञान होते आणि तरी त्याचा उंट कोंडला. म्हणून पालकांना माझे एवढेच सांगणे आहे, की मूल स्पर्धेहून आले की ''जिंकलास का?'' याच्याबरोबर ''पाचवी चाल तीच का केलीस?'' हेही विचारा. तुम्हाला बुद्धिबळ येत नसले तरी चालेल. उत्तर देता देता त्याचे त्यालाच कळते, की आपल्याला काय समजले आहे आणि काय नुसतेच पाठ आहे.

आणि एक घरगुती प्रयोग सुचवतो. एखाद्या रविवारी दुपारी पट मांडा. घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल, तर त्यांना जवळ बसवा आणि त्यांच्या गावी प्यादे कसे चाले, राजा उडी कधी मारी, बुर्जी कशाला म्हणत, हे विचारून वहीत लिहून घ्या. गावाचे नाव आणि तारीख घालायला विसरू नका. मग मुलांना एकच अट घाला: प्यादे एकच घर चालेल, किल्लेकोट नाही. कुठलाही प्रारंभ शिकवू नका, काही सुचवू नका. सात-आठ चालींनंतर पटाकडे पाहा. घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे आणि त्याच्या मागे उंट लांब रेघेवर बसलेला तुम्हाला दिसेल, अशी माझी खात्री आहे. तो दिसला, की मुलाला सांगा, जग ज्याला 'इंडियन' म्हणते ते हेच आणि ते आत्ता तू स्वतः शोधून काढलेस.